महामार्ग नियोजन, प्रादेशिक (नांदेड–लातूर परिसर)

एखाद्या प्रदेशातील नगरे, बाजारपेठा, रुग्णालये, तीर्थक्षेत्रे व औद्योगिक केंद्रे यांना जोडणारा महामार्ग कोठून जावा, तो किती रुंद व कोणत्या दर्जाचा असावा, हे आगाऊ ठरविण्याच्या कार्यास महामार्ग नियोजन म्हणतात. वाहतुकीची गरज, भूरचना, माती, नद्या, अपघातांचा पूर्वेतिहास, नैसर्गिक आपत्तींचा संभव, जमिनीची उपलब्धता व खर्च यांचा त्यात एकत्रित विचार करावा लागतो. पूर्वी प्रवासाचा वेळ व इंधन यांतील बचत हेच नियोजनाचे प्रमुख निकष असत. आता त्यांच्या जोडीला दोन निकष महत्त्वाचे मानले जातात. पहिला सुरक्षिततेचा, म्हणजे मार्गावर मृत्यू व गंभीर इजा कमीत कमी व्हाव्यात हा. दुसरा टिकावाचा, म्हणजे पूर, भूकंप, अतिवृष्टी यांसारख्या आघातांत मार्ग चालू राहावा आणि खंडित झालाच तर अल्पावधीत पूर्ववत व्हावा हा. मराठवाड्यातील नांदेड व लातूर हे दोन जिल्हे या दोन्ही निकषांच्या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासातील सर्वांत प्राणघातक भूकंपांपैकी एक येथे झाला, येथील नद्यांना वारंवार पूर येतात, तीव्र पाणीटंचाईचाही अनुभव या प्रदेशाने घेतला आहे आणि येथील मुख्य मार्ग अनेक वर्षे गावांच्या मध्यातूनच जात होते.

भौगोलिक पार्श्वभूमी : लातूर शहर बालाघाटच्या पठारावर समुद्रसपाटीपासून सु. ६३० मी. उंचीवर, तर नांदेड गोदावरीकाठी सु. ३६० मी. उंचीवर वसलेले आहे. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड हा मार्ग सु. १४० किमी. लांबीचा असून तो पठारावरून गोदावरीच्या खोऱ्यात उतरत जातो. लातूर व चाकूर यांच्या दरम्यान त्यास मांजरा नदी आडवी येते, पुढे मन्याड नदीचे खोरे लागते आणि नांदेडला पोहोचण्यापूर्वी गोदावरी ओलांडावी लागते. नांदेड शहर गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे. शहराच्या उत्तरेस आसना ही गोदावरीची उपनदी असल्यामुळे अर्धापूरकडून, म्हणजे यवतमाळ–नागपूर बाजूने, येणाऱ्या वाहनांस आसनेवरील पूल ओलांडावा लागतो. शहर अशा रीतीने दोन नद्यांच्या मध्ये आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय गोदावरीच्या दक्षिणेस विष्णुपुरी येथे आहे. त्यामुळे अर्धापूर भागातील रुग्णाला तेथे पोहोचण्यासाठी दोन्ही नद्या पार कराव्या लागतात. कोणता पूल किती उंच असावा हा प्रश्न येथे केवळ वाहतुकीचा राहत नाही, तो याच कारणाने.

पर्जन्यमान लातूरकडे सु. ८०० मिमी. असून पूर्वेकडे, नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागाकडे, ते वाढत जाते. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत पडतो. खडक बहुतांशी दख्खन बेसाल्टाचा आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात ग्रॅनाइट व पट्टिताश्म आढळतात. दोन्ही खडकांपासून उत्तम खडी मिळते. मात्र त्यांवर पसरलेली काळी माती मार्गबांधणीस प्रतिकूल आहे.

ऐतिहासिक विकास : १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील मुख्य मार्गांची रचना हैदराबादकडे तोंड करून झालेली होती. मनमाड–सिकंदराबाद मीटरमापी लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेडवरून सुरू झाला. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी फाटा पोहोचला. या दोन लोहमार्गांची मापे व दिशा भिन्न असल्यामुळे नांदेड व लातूर ही शहरे लोहमार्गाने जवळ आली नाहीत. लोहमार्ग रुंदमापी झाल्यावरही या दोन शहरांमधील रेल्वेप्रवास पूर्णा, परभणी, परळी व लातूर रोड असा वळसा घेऊनच करावा लागतो. म्हणून या दोन शहरांतील दळणवळणाचा भार प्रामुख्याने रस्त्यावर पडला आहे.

देशपातळीवर मार्गनियोजनाचा पाया मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घातला. १९२७ मध्ये नेमलेल्या या समितीच्या शिफारशींवरून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी निर्माण झाला व १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशातील पहिली वीस वर्षांची योजना आखली. तिने राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग व ग्राममार्ग ही पाच पायऱ्यांची वर्गवारी केली व ती अद्याप प्रचारात आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ मध्ये, तर भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा अधिनियम १९८८ मध्ये संमत झाला. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची स्थापना १९९६ मध्ये झाली.

राष्ट्रीय महामार्गांना २०१० मध्ये नवे क्रमांक देण्यात आले. तुळजापूर, औसा, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी हा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग क्र. ३६१ म्हणून ओळखला जातो; रत्नागिरी–नागपूर या दीर्घ मार्गाचा तो भाग होय. औसा–चाकूर, चाकूर–लोहा, लोहा–वारंगा अशा टप्प्यांत त्याचे चौपदरीकरण हाती घेण्यात आले. नांदेडवरून अकोला–हैदराबाद दिशेचा राष्ट्रीय महामार्ग क्र. १६१ आणि कल्याण–निर्मल दिशेचा क्र. ६१ हेही जातात.

वाहतुकीचे मापन : नियोजनाची सुरुवात मोजणीने होते. ठरावीक ठिकाणी रात्रंदिवस वाहनांची प्रकारवार नोंद घेतात व काही वाहनचालकांना प्रवासाचा आरंभ व शेवट विचारतात. यावरून किती वाहने स्थानिक व किती दूरची, हे कळते. गावात काम नसलेल्या वाहनांचे प्रमाण मोठे असल्यास वळणमार्ग उपयुक्त ठरतो. ते अल्प असल्यास वळणमार्ग बांधूनही गावातील गर्दी तशीच राहते.

भिन्न वाहने रस्त्याची जागा भिन्न प्रमाणात अडवितात. म्हणून सर्वांचे मोटारगाडीच्या एककात रूपांतर करतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या ग्रामीण मार्गांसाठीच्या कोष्टकात मोटारगाडीस १, दुचाकीस ०·५, ट्रक वा बस यांस ३, ट्रेलर जोडलेल्या ट्रॅक्टरास ४·५ आणि बैलगाडीस ८ एकके दिली आहेत. सपाट प्रदेशातील दुपदरी मार्गास दिवसाकाठी सु. १५,००० एककांची वाहतूक सोयीने पेलता येते. वाहतूक प्रतिवर्षी ५ टक्क्यांनी वाढते असे गृहीत धरल्यास ती सु. १४ वर्षांत दुप्पट होते. आजच्या गरजेपुरता बांधलेला मार्ग त्यामुळे एका पिढीच्या आत अपुरा पडतो.

नुसत्या वार्षिक सरासरीवर विसंबून चालत नाही. ऊसगाळपाच्या हंगामात कारखान्यांकडे जाणाऱ्या जोडट्रेलरच्या रांगा लागतात. सोयाबीन व तूर यांच्या सुगीनंतर लातूरच्या बाजारपेठेकडे मालवाहतूक वाढते. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष महिन्यात खंडोबाची प्रसिद्ध यात्रा भरते. तीत घोडे, गाढवे व इतर जनावरांचा मोठा बाजार असतो आणि हे ठिकाण नांदेड–लातूर मार्गावरच आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील उत्सवांना देशभरातून यात्रेकरू येतात. अशा दिवसांत माणसे, जनावरे व जलद वाहने एकाच पट्ट्यात येत असल्याने ते दिवस स्वतंत्रपणे मोजावे लागतात.

सर्वेक्षण व मार्गनिश्चिती : मार्ग ठरविण्याचे काम चार पायऱ्यांनी होते : नकाशांचा अभ्यास, प्रत्यक्ष पाहणी, प्राथमिक सर्वेक्षण व अंतिम आखणी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे व उपग्रहचित्रे यांवर प्रथम दोन-तीन पर्यायी रेषा आखतात. नदी जेथे सरळ व अरुंद पात्रातून वाहते आणि काठ टणक असतात, अशी पुलाची ठिकाणे आधी निश्चित करतात व मार्ग त्यांकडे वळवितात. लहान नाल्यांवरील मोऱ्या मात्र मार्गाच्या सोयीने बसवितात. शक्य तेथे आखणी जलविभाजकाच्या कडेने ठेवल्यास ओलांडावयाच्या प्रवाहांची संख्या घटते. बालाघाटच्या पठारावर हा नियम पाळता येतो. गोदावरीच्या खोऱ्यात उतरताना तो सोडावा लागतो.

आखणीचे भूमितीय नियम वेगावर अवलंबून असतात. चालकाने अडथळा पाहिल्यापासून वाहन थांबेपर्यंत कापलेल्या अंतरास थांबण्याचे दृश्य अंतर म्हणतात. प्रतिक्रियेचा काळ २·५ सेकंद धरून ते ताशी ५० किमी. वेगास सु. ६० मी., ताशी ८० किमी. वेगास १२० मी. व ताशी १०० किमी. वेगास १८० मी. ठरविले आहे. वेग दुप्पट झाला तर हे अंतर तिप्पट होते. वळणाची किमान त्रिज्याही अशीच वाढते : बाहेरील कडेस ७ टक्के उंचाव दिला असता ताशी ८० किमी. वेगास सु. २३० मी. व ताशी १०० किमी. वेगास सु. ३६० मी. त्रिज्या लागते. जुन्या मार्गाची केवळ रुंदी वाढविली आणि वळणे तशीच ठेवली, तर रुंदीमुळे वेग वाढतो व वळणे पूर्वीपेक्षा अधिक घातक ठरतात. म्हणून रुंदीकरण व नवी आखणी यांची तुलना करताना जुन्या मार्गाची वळणे सरळ करण्याचा खर्चही रुंदीकरणाच्या बाजूस धरावा लागतो.

काळ्या मातीवरील बांधणी : काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे मृद्‌खनिज असते. ते पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या रुंद भेगा हा त्याचाच परिणाम होय. ओली झालेली काळी माती फारच थोडा भार सहन करते. तिच्यावर थेट बांधलेल्या रस्त्याच्या कडा खचतात, पृष्ठभाग लाटांसारखा होतो व मध्यावर लांबट भेगा पडतात. यावर उपाय म्हणजे वरच्या थरातील काळी माती काढून तेथे न फुगणाऱ्या मुरुमाचा भराव करणे, किंवा चुना मिसळून मातीचा गुणधर्म बदलणे. परंतु पाण्याचा निचरा नसेल तर दोन्ही उपाय व्यर्थ जातात. मार्गाचा पृष्ठभाग मध्यापासून कडांकडे उतरता ठेवणे, बाजूची चर वाहती ठेवणे व खांद्यांवर पाणी साचू न देणे ही कामे अल्पखर्चाची असली तरी मार्गाचे आयुष्य त्यांवरच ठरते.

अतिभाराचा परिणामही मोठा असतो. रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारणपणे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते; म्हणजे आसावर २० टक्के जादा भार टाकल्यास झीज सु. दुप्पट होते. ऊस, वाळू व खडी यांच्या वाहतुकीत ही बाब नियोजकास दुर्लक्षिता येत नाही.

सुरक्षितता : भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास आहे. परंतु त्या वर्षीच्या मृत्यूंपैकी सु. ३६ टक्के राष्ट्रीय महामार्गांवर झाले. याचे एक कारण तेथील वाहतुकीची घनता हे आहे. दुसरे असे की या मार्गांवर दूरचा जलद प्रवास व गावातील संथ हालचाल एकाच जागी मिसळतात.

धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून पादचारी व जलद वाहन यांना वेगळे ठेवणे हे सुरक्षित आखणीचे पहिले तत्त्व होय. दुसरे तत्त्व म्हणजे वाहनांच्या मार्गांचे परस्परछेद कमी करणे. दोन दुपदरी रस्ते जेथे साधेपणाने छेदतात अशा चौकात वाहनांच्या संघर्षाचे ३२ बिंदू असतात, तीन फाट्यांच्या तिठ्यावर ९, तर वर्तुळाकार चौकात ८. दुभाजकामुळे समोरासमोरील धडका टळतात, पण दुभाजकात जागोजागी ठेवलेली किंवा लोकांनी पाडलेली खिंडारे तो लाभ घालवितात. अशी खिंडारे पडण्यामागे बहुधा गरज असते. शेत रस्त्याच्या पलीकडे आणि अधिकृत ओलांडणी दोन-तीन किमी. दूर असेल, तर बैल किंवा ट्रॅक्टर घेऊन निघालेला शेतकरी जवळचीच वाट शोधतो. गावाच्या वहिवाटीचे रस्ते आधी नोंदवून तेथेच भुयारी मार्ग देणे हा त्यावरील उपाय होय.

वळणमार्गांचा अनुभव संमिश्र आहे. गावाबाहेरून नेलेल्या रस्त्याकडेला काही वर्षांत धाबे, गॅरेज, गोदामे व घरे उभी राहतात आणि वळणमार्ग पुन्हा गावातला रस्ता बनतो. प्रवेश नियंत्रित ठेवणे, कडेने सेवा रस्ता देणे व बांधकामाची हद्द पाळणे या तीन गोष्टी एकत्र केल्यासच वळणमार्गाचा मूळ हेतू टिकतो. दुसरीकडे, जुन्या रस्त्यावरील दुकानदारांचा धंदा वळणमार्गामुळे घटतो, हेही नियोजकास ध्यानी घ्यावे लागते.

विद्यमान मार्गांवर अपघातप्रवण स्थळे निश्चित केली जातात. सु. ५०० मी. लांबीच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर इजा झालेले पाच अपघात किंवा एकूण दहा मृत्यू झाल्यास तो पट्टा असे स्थळ मानला जातो. ही पद्धत उपयुक्त असली, तरी ती मृत्यू घडल्यानंतरच लागू होते. म्हणून नव्या मार्गाचे सुरक्षा परीक्षण आराखडा, बांधकाम व खुला करण्यापूर्वीची अवस्था अशा प्रत्येक पायरीवर, आराखडा करणाऱ्यांहून स्वतंत्र तज्ञांकडून करून घेतात.

केवळ रुंद व सरळ मार्ग सुरक्षित असतो, हा समज खरा नाही. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा ७०१ किमी. लांबीचा मार्ग डिसेंबर २०२२ ते जून २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावर १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजानजीक खासगी बसला अपघात होऊन ती पेटली व २५ प्रवासी दगावले. सरळ मार्गावरील एकसुरी प्रवासात चालकास येणारी गुंगी, विश्रांतिस्थळांची उपलब्धता आणि तातडीच्या वैद्यकीय मदतीचे अंतर हेही आराखड्याचे भाग आहेत, ही बाब अशा घटनांतून पुढे आली. याउलट स्वीडनमध्ये १९९८ पासून काही जुने रुंद दुपदरी रस्ते फारसे न वाढविता तीन पट्ट्यांत विभागून मध्ये तारदोरांचा कठडा बसविण्यात आला. मधला पट्टा ठरावीक अंतराने एकेका दिशेस ओलांडून पुढे जाण्यासाठी दिला जातो. अल्प खर्चात मृत्यूंची संख्या पुष्कळ घटविण्याचे हे उदाहरण मर्यादित निधी असलेल्या प्रदेशांना विचारात घेण्याजोगे आहे.

पूर व पूल : पुलाचा आराखडा विशिष्ट पुनरावृत्तिकाळाच्या पुरावर आधारतात. ‘५० वर्षांचा पूर’ म्हणजे ५० वर्षांनी येणारा पूर नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची संभाव्यता २ टक्के असते. अशा पुराला अनुसरून बांधलेला पूल ५० वर्षे वापरात राहिला, तर त्या काळात तेवढा किंवा त्याहून मोठा पूर एकदा तरी येण्याची संभाव्यता सु. ६४ टक्के असते. १०० वर्षांचा पूर आधारभूत मानल्यास ती ३९ टक्क्यांवर येते. महत्त्वाच्या पुलांसाठी दीर्घ पुनरावृत्तिकाळ घेण्याचे हेच कारण आहे. पूल बहुधा वरून पाणी गेल्याने पडत नाही, तर पायाखालची माती वाहून गेल्याने पडतो. रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला व त्यात एस. टी. च्या दोन बसगाड्या वाहून गेल्या. त्या घटनेने जुन्या पुलांच्या पायांची पाण्याखालील तपासणी व पूर धोक्याच्या पातळीवर पोहोचताच वाहतूक थांबविण्याची व्यवस्था यांची निकड दाखवून दिली.

गोदावरी व मांजरा यांच्या पुरांत धरणांच्या विसर्गाचाही वाटा असतो. नांदेडजवळचा विष्णुपुरी प्रकल्प व वरच्या बाजूचे जलाशय भरलेले असताना जोराचा पाऊस झाल्यास पाणी झपाट्याने सोडावे लागते. केवळ पूर्वीच्या पावसाच्या नोंदींवरून केलेले अनुमान त्यामुळे अपुरे पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टी होऊन लेंडी नदीकाठच्या रावणगाव, हसनाळ इ. गावांत पाणी शिरले, काही माणसे मृत्युमुखी पडली व बचावासाठी लष्कराची मदत घ्यावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये धाराशिव, बीड, लातूर हे जिल्हे पुरांनी ग्रासले. अशा प्रसंगी महामार्गाचा भराव दुहेरी भूमिका बजावतो. तो उंच असल्यास पाण्याबाहेर राहून मदतीची वाट ठरतो; पण त्यात पुरेशा मोऱ्या नसतील तर तोच बंधाऱ्यासारखा पाणी अडवून वरच्या बाजूची शेते व वस्त्या बुडवितो. म्हणून भरावाची उंची व मोऱ्यांचे क्षेत्रफळ यांचा निर्णय एकत्रच घ्यावा लागतो.

भूकंप : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात सु. ६·२ परिमाणाचा भूकंप झाला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली व पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. तोपर्यंत हा प्रदेश भूकंपदृष्ट्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात होता. २००२ मध्ये सुधारलेल्या भारतीय मानकात किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात घालण्यात आला. हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४·५ परिमाणाचे धक्के मार्च व जुलै २०२४ मध्ये नांदेडपर्यंत जाणवले. पुलाची तुळई आधारावरून घसरू नये यासाठी आधाराची रुंदी वाढविणे, अटकाव बसविणे व खांबांतील लोखंडी कड्या दाट ठेवणे यांमुळे पुलाच्या खर्चात अल्पच भर पडते. भूकंपात घरे पडल्यावर पहिल्या काही तासांत जखमी बाहेर काढता आले तरच ते वाचतात; त्या तासांत पूल उभे असणे निर्णायक ठरते. स्थलांतरित गावांचे जोडरस्ते मुख्य मार्गास कोठे मिळतात, हाही या भागातील आखणीचा एक विशेष प्रश्न आहे.

जाळ्याचा विचार : टिकाव हा एकट्या मार्गाचा गुण नसून जाळ्याचा गुण आहे. एक अतिभक्कम रस्ता असण्यापेक्षा मध्यम दर्जाचे दोन स्वतंत्र रस्ते असणे आपत्तीत अनेकदा अधिक उपयोगी पडते. मात्र ते एकाच नदीच्या एकाच पूरमैदानातून जाणारे नसावेत. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप व त्सुनामी यांनी ईशान्य किनाऱ्यावरील रस्ते उद्ध्वस्त झाले. तेव्हा प्रथम अंतर्भागातील उत्तर–दक्षिण महामार्ग मोकळा करून त्यापासून किनाऱ्याकडे जाणारे आडवे रस्ते कंगव्याच्या दातांप्रमाणे एकामागून एक उघडण्यात आले. चार दिवसांत असे पंधरा मार्ग खुले झाले. कणा व दाते या दोहोंचे महत्त्व यावरून लक्षात येते. नांदेड–लातूर परिसरात महामार्ग क्र. ३६१ हा कणा मानल्यास कंधार, मुखेड, उदगीर, देगलूर, निलंगा, गंगाखेड यांकडे जाणारे रस्ते दाते ठरतात. कणा रुंद झाला आणि दात्यांवरील कमी उंचीचे पूल तसेच राहिले, तर पुरात अडकलेल्या गावास त्या रुंदीचा उपयोग होत नाही.

पर्यायी साधनाचे मोल या प्रदेशाने २०१६ मध्ये अनुभवले. लातूर शहराच्या पाणीपुरवठ्याचे स्रोत आटल्यावर मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्यात आले. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी सु. ५ लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. एवढे पाणी रस्त्याने आणावयाचे झाल्यास १०,००० लिटरच्या टँकरच्या ५० खेपा कराव्या लागल्या असत्या. रस्ता व लोहमार्ग एकमेकांना पूरक ठेवणे हा प्रादेशिक नियोजनाचा भाग आहे, तो याचसाठी.

भूसंपादन व सामाजिक परिणाम : ६० मी. रुंदीच्या पट्ट्यास दर किलोमीटरला ६ हेक्टर जमीन लागते; १४० किमी. ला ८४० हेक्टर. समृद्धी महामार्गासाठी १२० मी. रुंदीचा पट्टा घेण्यात आला; तेथे हेच प्रमाण दर किलोमीटरला १२ हेक्टर होते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमानुसार भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत घेता येते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील भरपाईच्या तरतुदी, तीत १०० टक्के दिलासा रकमेचाही समावेश आहे, १ जानेवारी २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गांसाठीच्या संपादनासही लागू झाल्या. परंतु भरपाई बाजारभावावर मोजली जाते. पाण्याची हमी, विहीर व तुकडा पडलेल्या शेतास जाण्याची वाट यांचे मूल्य तीत पूर्णपणे उतरतेच असे नाही.

नव्या मार्गांचे दोन प्रस्ताव या परिसराशी संबंधित आहेत. जालना–नांदेड द्रुतगती महामार्ग सु. १८० किमी. लांबीचा असून तो जालना, परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांना समृद्धी महामार्गाशी जोडेल अशी योजना आहे. दुसरा नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग होय. मूळ आखणीनुसार तो वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पत्रादेवीपर्यंत १२ जिल्ह्यांतून ८०२ किमी. जावयाचा असून त्यात नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांचा समावेश आहे. २४ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादन व आखणीसाठी २०,७८७ कोटी रु. च्या तरतुदीस मान्यता दिली. माहूर, औंढा नागनाथ, परळी, तुळजापूर इ. क्षेत्रे जोडली जाऊन मागास भागास चालना मिळेल, असे त्याच्या समर्थनार्थ सांगितले जाते. कोल्हापूरसह अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी त्यास विरोध केला आहे. नांदेड जिल्ह्यात अर्धापूर भागातील शेतकरी त्यात आहेत. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या पाण्यावर तेथे केळीचे पीक घेतले जाते. विद्यमान महामार्ग असताना समांतर नवा मार्ग का हवा, हा त्यांचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर केवळ वेगाच्या किंवा केवळ जमिनीच्या हिशेबाने देता येत नाही. दूरची वाहतूक जुन्या मार्गावरून नव्यावर गेल्याने गावांतील किती मृत्यू टळतील, तेवढेच मृत्यू जुन्या मार्गावर भुयारी मार्ग, सेवा रस्ते व कठडे बांधून किती खर्चात टळतील, पूर आल्यास नवा मार्ग जुन्याचा खरा पर्याय ठरेल की दोघेही एकाच ठिकाणी बुडतील, आणि बागायतीऐवजी कोरडवाहू जमिनीतून आखणी नेल्यास लांबी किती वाढेल, या चारही गोष्टी आकड्यांनी मांडून त्या बाधित गावांपुढे निर्णयापूर्वी ठेवणे आवश्यक असते. आखणी नकाशावर असते तोवर ती बदलण्यास फारसा खर्च येत नाही. पायाभरणीनंतर तीच दुरुस्ती अनेक पटींनी महाग पडते. महामार्ग खुला झाल्यानंतर त्याची देखभाल, अपघातांच्या नोंदी व पुलांची पावसाळ्यापूर्वीची तपासणी यांसाठी कायम निधी राखून ठेवणे हा नियोजनाचा अखेरचा आणि बहुधा सर्वांत उपेक्षित भाग होय.